कुठवर आलंय?

नाशिकमध्ये पावसाचा हिशोब मिलिमीटरमध्ये कुणी विचारत नाही. हवामान खात्याचा आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात येतो, गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं तेही हल्ली मोबाइलवर तासातासाला येत राहतं. पण सिडकोतला माणूस पंचवटीतल्या माणसाला फोन करतो तेव्हा एवढंच विचारतो, "कुठवर आलंय?" आणि पलीकडून उत्तर येतं ते मारुतीच्या अंगाच्या हिशोबानं. पायाला लागलंय. गुडघ्यावर गेलंय. कमरेला आहे, पण चढतंय. छातीला लागलं म्हटलं की ऐकणारा गाडीची किल्ली शोधायला लागतो.

हा रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती. एक तोंड पुढे, एक मागे. त्याची पूजा करणारे आहेतच, पण पावसाळ्यात साऱ्या गावाला तो लागतो तो मोजपट्टी म्हणून. गळ्याच्या वर पाणी गेलं की जुनी माणसं त्याला सोडून नारोशंकराच्या घंटेकडे बघू लागतात. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ साली बांधलेलं हे रामेश्वराचं देऊळ, आणि नदीच्या बाजूला टांगलेली ती भलीमोठी घंटा वसईच्या मोहिमेतून आलेली, पोर्तुगीज. तिला पाणी लागलं की महापूर, असा इथला जुना दाखला. पुराच्या पाण्यानं ती आपोआप वाजते असं मी लहानपणापासून ऐकत आले आहे. स्वतःच्या कानांनी ऐकलेला माणूस मात्र अजून भेटायचा आहे.

माझ्या मामाचं भांडी बाजारात दुकान होतं. आतल्या भिंतीवर ऑइलपेंटनं ओढलेली एक आडवी रेघ आणि शेजारी आकडा, १९६९. माझ्या लहानपणी ती रेघ माझ्या डोक्याच्या बरीच वर होती, आणि मामा गिऱ्हाइकाला हंडा दाखवता दाखवता तिच्याकडे बोट करायचा, घरातल्या कुणा कर्त्या माणसाचा फोटो दाखवावा तसं. गंगेला पाणी आलं (गोदावरी हे नाव पुस्तकात, आम्ही गंगाच म्हणतो) की दुकानात एक ठरलेला क्रम सुरू व्हायचा. मला वाटायचं, महागाची पितळी भांडी आधी माळ्यावर जातील. तसं नव्हतं. "पितळ बुडलं तरी पितळच राहतं. आधी वह्या उचल," असं मामा म्हणायचा. मग वह्या, खतावणी, पावतीपुस्तकं. मग पुठ्ठ्याच्या खोक्यांतले कुकर, कारण कुकर वाचला तरी भिजल्या खोक्यातला कुकर लग्नात कुणी आहेर म्हणून घेत नाही. मोठी पातेली जिथल्या तिथं राहायची, फक्त त्यांत काठोकाठ पाणी भरायचं. रिकामं पातेलं पाण्यावर तरंगतं आणि बाहेर वाट सापडली की पार टाळकुटेश्वराच्या पुलापर्यंत जातं. पुरात वाहून जाऊ नये म्हणून दुकानातली भांडी पाण्यानं भरत बसलेला मामा पाहून नव्या नोकराला हसू यायचं. एक पावसाळा गेला की तोही न सांगता नळ सोडायचा.

या सगळ्यात माझ्याकडे आणि मामेभावाकडे एकच काम. "जा, मारुती बघून या." आम्ही पळत जायचो, बघायचो, पळत यायचो. "गुडघा." मग खालची फळी रिकामी. "मांडी." दुसरी फळी. नळ्यांनी, तारांनी मोजणारी यंत्रं पुढे आली. त्या वेळी भांडी बाजारातल्या निम्म्या दुकानांची पूरसूचना यंत्रणा म्हणजे शाळेला सुट्टी मिळालेली पोरं.

पण खरं सांगायचं तर आम्ही कामासाठी पळत नव्हतो. काम हे निमित्त होतं. त्या पुलावर उभं राहायला मिळावं म्हणून आम्ही पळायचो. होळकर पुलाच्या कठड्याला छाती टेकून खाली बघितलं की पाणी स्थिर आहे आणि पूलच वरच्या अंगाला निघाला आहे असं वाटायला लागतं. पोटात कालवतं, तरी नजर हटत नाही. तपकिरी पाणी, त्यावर फेसाचे ढीग, एखादं मुळासकट आलेलं झाड, घाटावरच्या टपरीचं छप्पर, नारळ, चपला, प्लॅस्टिकची खुर्ची. प्रत्येक वस्तू दिसली की कठड्यावरून आवाज उठायचा, "ते बघ, ते बघ!" कुणीतरी खात्रीनं सांगायचं की वरून एक म्हैस येते आहे. म्हैस कधी आली नाही, पण तिची वाट सगळ्यांनी मनापासून पाहिली. गर्दीत खांद्यावर बसवलेली मुलं, साड्या गुडघ्यापर्यंत धरलेल्या बायका, कोळशावर कणसं भाजणारा, त्याच्या छत्रीखाली घुसलेले चौघे अनोळखी. शिट्ट्या वाजवणारे पोलीस लोकांना मागे सारायचे आणि लोक मागे गेले की स्वतः वाकून एकदा खाली बघून घ्यायचे.

आमच्या शेजारी कणीस खात उभा असलेला माणूस आणि आम्ही, दोघं एकाच पाण्याकडे बघत होतो. त्याला ते चढावं असं वाटत होतं. आम्हाला? आम्हालाही वाटतच होतं की. मारुतीच्या छातीला लागावं, गळ्याला लागावं, एकदा तरी घंटेला लागावं. आणि त्याच वेळी ते दुकानात येऊ नये. या दोन इच्छा एकाच पोरीच्या डोक्यात शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि त्यांचं आपसात भांडण होत नव्हतं. फरक दिसायचा तो पाणी उतरायला लागल्यावर. "उतरतंय" हा शब्द पुलावर थोडा हिरमुसून बोलला जायचा. तोच शब्द आम्ही दुकानात नेऊन टाकला की मामा खुर्चीवर बसायचा आणि मामी चहा टाकायची.

याला क्रूरपणा म्हणणारे आहेत. दर पुरानंतर पेपरात एक पत्र येतंच, की लोक संकटाची मजा बघतात, सेल्फी काढतात, संवेदना राहिली नाही. पत्र लिहिणारा बहुधा पुलापर्यंत जाऊन आलेला असतो. सेल्फीबद्दल मी भांडणार नाही. भर पुरात पुलावरून उड्या टाकणाऱ्या पोरांना टाळ्या देणाऱ्यांबद्दल तर नाहीच. पण नुसतं बघायला जाणं मला त्यात मोजावंसं वाटत नाही. २००८ च्या सप्टेंबरात, २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढलं तेव्हा जी माणसं पुलांवर आली, त्यांतल्या कितीतरी जणांचं कुणी ना कुणी काठावर राहत होतं, घाटावर टपरी लावत होतं, बुधवारच्या बाजारात बसत होतं. त्यांना आकडा नको होता, स्वतःच्या डोळ्यांनी खूण बघायची होती. भीतीला मोजायची सोय झाली की ती जरा आटोक्यात येते, आणि आटोक्यात आलेली भीती बघायला माणूस घरच्यांना घेऊन जातो.

शिवाय हे पाणी इथं संपत नाही. मारुतीच्या डोक्यावरून गेलेलं पाणी पुढे चांदोरी-सायखेड्यात शिरतं. नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचा फुगवटा मागे सरकतो आणि तिथल्या लोकांना नाशिककरांसारखं कठड्यावरून बघायची चैन नसते, कारण कठडाच पाण्याखाली असतो. त्याच्याही पुढे, पैठणला, नेमकं उलटं. तिथे जायकवाडीचं १०२ टीएमसीचं पोट रिकामं असतं आणि मराठवाडा नाशिकच्या बातम्या डोळ्यांत तेल घालून बघत असतो. आमच्या सराफ बाजारात पाणी शिरल्याच्या बातमीनं संभाजीनगरात जीव भांड्यात पडतो. एकच लोंढा, तीन ठिकाणी तीन मनःस्थिती.

भूकंपाचं असं काही करता येत नाही. त्याला काठच नाही. कुठे उभं राहून बघायचा?

२६ जानेवारी २००१ च्या सकाळी पावणेनऊच्या सुमाराला आमच्या घरातला लोंबता दिवा हलला. वारा नव्हता, पंखा बंद होता. कपाटाचं दार सावकाश उघडलं आणि सावकाश मिटलं. मग जिन्यात पावलं वाजली आणि पाचच मिनिटांत सगळी इमारत खाली आवारात उभी, कुणी टॉवेलवर, कुणी झेंडावंदनाच्या इस्त्रीच्या कपड्यांत. पहिला प्रश्न एकच, "तुम्हाला जाणवला?" ज्यांना जाणवला होता त्यांच्या आवाजात एक बारीकसा मोठेपणा होता. चौथ्या मजल्यावरचे काका तर विजयी वीर, कारण त्यांच्याकडे कपबशी वाजली होती. तळमजल्यावरचे एक गृहस्थ दाढी करत होते आणि त्यांना काहीच कळलं नव्हतं. त्यांचा चेहरा पंगतीत वाढायचं राहून गेलेल्या माणसाचा होता. थोड्या वेळानं तेही म्हणू लागले की हो, आरसा जरा हलल्यासारखा वाटला खरा.

आम्ही खाली उभे राहून कपबशांची तुलना करत होतो त्याच सकाळी कच्छमध्ये अंजारच्या अरुंद गल्लीतून प्रजासत्ताक दिनाची फेरी चालली होती. दोन्ही बाजूंची घरं त्या शाळकरी मुलांवर कोसळली. दीडशेहून जास्त मुलं गेली. ही बातमी पोहोचायला वेळ लागला. पोहोचली तेव्हा कपबशीवाले काका गप्प झाले आणि पुढे कित्येक दिवस त्यांनी तो विषय काढला नाही. पुराच्या वेळी समोर दिसत असतं की काय वाहून चाललंय. भूकंपात आपल्या वाट्याला हललेला दिवा येतो आणि पाचशेएक किलोमीटरवर काय झालं ते उद्याच्या पेपरात. आपण भ्यायचं की थरारायचं, हे ठरवायला हाताशी काही नसतं.

नाशिककरांची तर आणखीच पंचाईत. देवळालीला तोफखान्याचा सराव चालतो, ओझरला विमानांचा कारखाना. आकाशात सुखोईनं आवाजाचा वेग ओलांडला की खाली खिडक्यांच्या काचा थडथडतात आणि अख्खं शहर एकमेकांना फोन करतं. पेपरात मथळा, 'गूढ आवाजाने नाशिककर हादरले'. त्यामुळे धडधड झाली की इथला माणूस आधी शहानिशा करतो. तोफ असेल तर आवाज दक्षिणेकडून आणि पाठोपाठ आणखी येतात. विमान असेल तर एकच, कडक. आणि आवाज खालून, घरघरत आला तर चपला घालायच्या. मेरीला फोन लावणारेही कमी नाहीत. दिंडोरी रोडवरची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आमची मेरी, १९५९ पासून तिथं आहे. धरणं, माती, पाणी यांच्या चाचण्या हे तिचं काम, पण शहराला ती ठाऊक आहे ती भूकंपमापनासाठी. कळवण तालुक्यात दळवटकडे किंवा पेठ-सुरगाण्यात जमीन हलली की बातमीचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं, की मेरीच्या केंद्रात नोंद झाली असून नागरिकांनी घाबरून जाऊ नये.

त्या नोंदीतला आकडा मग गावभर फिरतो. "किती रिश्टर?" पुराच्या वेळचं "कुठवर आलंय?" ते हेच. फक्त मारुतीच्या गुडघ्याचा अर्थ पोरासोरांना कळतो आणि तीन रिश्टर म्हणजे काय, ते पाचच्या निम्म्याहून थोडं अधिक की कितीतरी पटींनी कमी, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि सांगणाऱ्यालाही. (पटींनीच. एकेका अंकामागे सुटणारी ऊर्जा तिसेक पटींनी वाढते.) तरी आकडा लागतो. आकडा आला की माणूस वर जाऊन झोपतो.

महाराष्ट्राला भूकंप हा विषय दोनदा नीट शिकवला गेला. पहिल्यांदा ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनानगरात. तोवर दख्खनचं हे पठार म्हणजे न हलणारी जमीन असं शाळेत शिकवत. तो समज त्या पहाटे गेला, दीडशेहून अधिक माणसं गेली, आणि धरणाच्या पाण्यानं जमीन हलू शकते का हा वाद जगभर पेटला. धरणांच्या उशाशी भूकंपमापक वाढले ते त्यानंतर. दुसऱ्यांदा ३० सप्टेंबर १९९३ ला, पहाटे तीन छप्पन्नला, किल्लारीत. गणपती विसर्जन करून दमलेली गावं झोपली होती. आठ हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक स्वतःच्या घराखाली. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं धाबं. दोनतीन पिढ्यांनी थरावर थर चढवून जड केलेलं ते छत क्षणात खाली आलं.

किल्लारीच्या बाबतीत दोन गोष्टी मला अजून सोडत नाहीत. एक म्हणजे भूकंपप्रवणतेच्या तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नाशिक तेव्हाही त्याच्यापेक्षा वरच्या पट्ट्यात. म्हणजे मापाच्या हिशोबानं किल्लारीचा माणूस माझ्यापेक्षा निर्धास्त झोपायला हवा होता. दुसरी गोष्ट त्याहून अवघड. जमीन वर्षभर आधीपासून हलत होती. १९९२ च्या पावसाळ्यापासून धक्क्यांमागून धक्के बसले, लोक उघड्यावर झोपले, गाव हलवा म्हणून मागणी केली. मग धक्के थांबले. माणूस किती रात्री अंगणात झोपणार? पावसात भिजायचं, साप-विंचवाला भ्यायचं, आणि काहीच होत नाही. लोक घरात परतले. मोजमाप हाती असूनही उपयोग झाला नाही असं त्याला म्हणता येत नाही; सवय झाली, एवढंच म्हणता येतं.

आणि मग बघे आले. भूकंपानंतर किल्लारीकडे जाणारे रस्ते मदतीच्या गाड्यांनी जितके भरले तितकेच बघायला निघालेल्या गाड्यांनीही भरले, इतके की मदतकार्याला अडथळा होऊ लागला. नाशिकहून गेलेल्या एका ओळखीच्या माणसानं सांगितलं होतं की आपण धान्याची पोती घेऊन गेलो होतो. पोती किती, हे त्यानं सांगितलं नाही. गाडीत माणसं किती होती तेवढं आठवणीनं सांगितलं. मी त्याला नावं ठेवत नाही. पूर येत असताना बघता येतो. भूकंप येताना बघता येत नाही, म्हणून माणूस तो होऊन गेल्यावर बघायला जातो आणि तिथे बघण्यासारखं उरलेलं असतं ते फक्त दुसऱ्याचं दुःख. पुलावरचा बघ्या आणि ढिगाऱ्यावरचा बघ्या एकाच ओढीनं निघतात, पण पोहोचतात ती जागा एक नसते.

जे येताना दिसत नाही त्याला आपण निदान तारीख लावतो. फेब्रुवारी १९६२ च्या अष्टग्रहीच्या वेळी जग बुडणार म्हणून गावोगाव यज्ञ झाले. आजी सांगायची, त्या दिवसांत लोकांनी जुनी देणी फेडली आणि ग्रह पांगल्यावर त्यांतल्या काहींनी ती परत मागितली. जुलै १९७९ मध्ये स्कायलॅब आपल्याच गावावर पडणार अशी प्रत्येक गावाची खात्री होती. कोंबड्या कापून खाल्ल्या गेल्या. ती पडली ऑस्ट्रेलियाकडे. आता रात्री तीन वाजता मोठा धक्का बसणार असून नासानं तसं कळवलं आहे, असा निरोप फोनवर येतो आणि खाली 'आपल्या जिवलगांना पाठवा'. भूकंपाची वेळ आधी सांगण्याची विद्या जगात कुणाकडे नाही, हे पाठवणाऱ्याला बहुधा ठाऊकही असतं. पण तीन वाजता हे शब्द वाचल्यावर त्याला कुठेतरी बरं वाटलेलं असतं. तीन वाजेपर्यंत जागायचं, साडेतीनला झोपायचं. बिनवेळेच्या भीतीपेक्षा घड्याळातली भीती सोपी.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे धक्क्यांची रांग लागली तेव्हा या सोपेपणाची सोयही उरली नाही. धुंदलवाडीच्या आसपासची माणसं महिनोन्‌महिने थंडीत तंबूंत झोपली, मुलांच्या शाळा उघड्यावर भरल्या. आमच्या पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांपलीकडचाच तो मुलूख. पहिल्या आठवड्यात वाहिन्यांच्या गाड्या गेल्या, नंतर धक्के चालू राहिले आणि गाड्या थांबल्या. रोज येणारं संकट कुणी बघत नाही.

खरं म्हणजे आपण सगळे एका भल्यामोठ्या जुन्या संकटाच्या डोक्यावरच घरं बांधून आहोत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर साचला, आणि त्याच्या पायऱ्या आजही ब्रह्मगिरीला, अंजनेरीला, पांडवलेण्याच्या डोंगराला उघड दिसतात. डायनासोर गेले त्यात या लाव्ह्याचा हात किती आणि आकाशातून पडलेल्या दगडाचा किती, यावर अजून शास्त्रज्ञांत जुंपते. रविवारी आम्ही त्याच कातळावर डबे उघडून बसतो. द्राक्षांना मानवणारी काळी माती त्याच कातळाची झीज. इतका वेळ गेला की आपत्तीचं सुद्धा पीक येतं. पण तितकं थांबायला कुणाला सवड असते?

द्राक्षांवरून आठवलं. २६ नोव्हेंबर २०२३ च्या संध्याकाळी निफाडकडे गारपीट झाली. शहरात त्या संध्याकाळी आलेल्या चित्रफितींत गारांनी पांढरं झालेलं अंगण होतं, मुठीत गारा धरलेली मुलं होती, मागे कुणीतरी "काश्मीर, काश्मीर!" म्हणत होतं. दोन दिवसांनी मी नात्यातल्या एका ताईंच्या बागेत गेले. गारा केव्हाच वितळल्या होत्या. दुरून बाग उभी होती, हिरवी होती. जवळ गेल्यावर ताईंनी एक काडी वाकवून दाखवली. एका अंगाची साल खरवडून निघालेली, प्रत्येक जखमेची जागा ओलसर पांढरी. घडांवर नुकते धरू लागलेले मणी वरच्या अंगानं झडलेले आणि खालच्या अंगाला शाबूत. "यंदाचं गेलं ते गेलं," त्या म्हणाल्या, "पण ही काडी पुढच्या छाटणीला पण नडते." मग तलाठी, कृषी सहायक आणि पंचनामा. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तर मदत. त्या दिवशी बागेत ताई, त्यांचा मुलगा, दोन सरकारी माणसं आणि मी, याखेरीज कुणी नव्हतं. कणसंवाला नव्हता. कुणी कुणाला "कुठवर आलंय" असं विचारत नव्हतं, आणि विचारलं असतं तर उत्तर टक्क्यांत आलं असतं. तेहेतीस म्हणायचं की तीस, यावर ताईंचा मुलगा बराच वेळ एक घड हातात घेऊन मणी मोजत बसला होता.

मोजमाप शहरातही पैशाशी येऊन ठेपतं. २००८ च्या पुरानंतर गोदाकाठाला दोन रेषा आखल्या गेल्या. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, निळ्या-लालच्या मध्ये अटी. जुन्या गावठाणातले वाडेच्या वाडे या रेषांत सापडले, आणि जे लोक पावसाळ्यात "अजून चढायला हवं" म्हणत पुलावर उभे असत तेच लोक निवेदनं घेऊन रेषा खाली सरकवा म्हणून फिरू लागले. पूर सगळ्यांना बघायचा असतो, आपल्या सातबाऱ्यावर तो कुणालाच नको असतो. माझ्या मामेभावाचंही त्यात एक निवेदन आहे. दुकानाच्या भिंतीवरची १९६९ ची रेघ नव्या रंगात गेली. रंगाऱ्यानं विचारलं होतं, ठेवू का म्हणून. भाऊ म्हणाला, गिऱ्हाइकाला कशाला भीती.

गेल्या दिवाळीत तोच मामेभाऊ नदीच्या अंगाला फ्लॅट बघायला निघाला, मलाही बरोबर घेतलं. सहावा मजला, समोर मोकळं पात्र, जाहिरातीत 'रिव्हर व्ह्यू'. दाखवणारा मुलगा तरतरीत होता. भावानं आधी बाल्कनीत जाऊन कठड्यावर दोन्ही हात टेकले, वाकून बघितलं आणि विचारलं, "इथून पूर दिसतो का?" मुलानं उत्साहानं सांगितलं की दिसतो म्हणजे काय काका, पावसाळ्यात पाहुणे आणाल तुम्ही, २०१९ ला तर इथून अख्खा घाट पाण्याखाली दिसत होता. मग भावानं पार्किंगबद्दल विचारलं, तिथे पाणी येतं का. मुलानं फाईल चाळली, जरा थांबला आणि म्हणाला, "साहेबांना विचारून सांगतो." भाऊ अजून खालीच बघत होता. मला म्हणाला, "वेस्ट फेसिंग आहे. संध्याकाळचं मस्त दिसेल इथून."